वर चढलेला संघ आपटतोच? बालेवाडीला विचारा

गेले पंधरा दिवस पुण्यातल्या फुटबॉलवाल्यांच्या फोनवर एक मजकूर फिरतोय. मला तो सात जणांकडून आला, त्यातले चार जण आमच्याच क्लबचे. सार असं: खालच्या विभागातून वर आलेला संघ पहिल्याच मोसमात आपटतो, हा नियमच आहे. पुरावा म्हणून इंग्लंड, जिथे 2023-24 आणि 2024-25 या दोन मोसमांत वर आलेले सहाच्या सहा संघ लगेच खाली गेले. आपल्याकडचा पुरावा म्हणून कोलकात्याचा मोहम्मडन स्पोर्टिंग, जो आयएसएलमधल्या, म्हणजे देशाच्या सध्याच्या सर्वोच्च लीगमधल्या, आपल्या पहिल्या मोसमात तळाला राहिला. तेव्हा बढतीची शिडी काढून टाका आणि ज्याच्याकडे पैसा आहे त्याला थेट प्रवेश द्या. तरीही कुणी वर गेलाच तर त्यानं आधी प्रशिक्षक आणि अर्धा संघ बदलावा. शेवटची ओळ खास आपल्यासाठी: "पुण्यात चार क्लब आले, चारही बुडाले. ही फुटबॉलची माती नाही."

मी एका छोट्या क्लबच्या पोरांना शिकवतो. जिल्ह्याच्या लीगमध्ये आम्ही यंदा एक पायरी चढून सर्वांत वरच्या विभागात आलोय. त्यासाठी सहा वर्षं लागली. हा मजकूर फिरला त्या आठवड्यात सराव संपल्यावर आमचा गोलरक्षक माझ्याजवळ येऊन बसला. दिवसभर तो मेडिकलच्या दुकानात काउंटरवर उभा असतो, संध्याकाळी सायकल मारत मैदानावर येतो. ग्लोव्ह्जची पट्टी सोडता सोडता म्हणाला, "सर, म्हणजे आपलं पण एकच वर्ष का?" मी त्याला काहीतरी बोललो, पण ते उत्तर नव्हतं, नुसती समजूत होती. उत्तर इथे लिहितोय.

आधी त्या 'नियमा'चं बघू. नियम म्हटला की तो मोडणारं एक ठळक उदाहरण पुरेसं असतं, आणि ते उदाहरण आपल्याच गावात, बालेवाडीत घडलेलं आहे.

पुणे एफसी हा क्लब 2007 साली उभा राहिला. आय-लीगच्या दुसऱ्या विभागात खेळून, 2009 मध्ये बढती मिळवून तो देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये गेला. तेव्हा आय-लीग हीच सर्वोच्च लीग होती, आयएसएल यायला अजून पाच वर्षं होती. 2009-10 च्या त्या मोसमात चौदा संघ होते, प्रत्येकाला 26 सामने. समोर मोहन बागान, ईस्ट बंगाल, डेम्पो, चर्चिल ब्रदर्स, महिंद्रा युनायटेड, जेसीटी. दोन वर्षांच्या क्लबनं या मांडवात पाय ठेवला आणि मोसम संपला तेव्हा तो तिसरा होता. वर फक्त डेम्पो आणि चर्चिल, दोन्ही गोव्याचे. कोलकात्याचे दोन्ही बलाढ्य संघ आपल्या खाली.

त्या मोसमात मी बालेवाडीला जमेल तेवढे सामने पाहिले. गर्दी बेताची असायची, त्यामुळे खेळाडू एकमेकांना काय ओरडतात ते वरपर्यंत ऐकू यायचं. प्रशिक्षक डेरिक परेरा. त्यांनी त्याआधी महिंद्रा युनायटेडला राष्ट्रीय लीग, म्हणजे आय-लीगच्या आधीची सर्वोच्च लीग, जिंकून दिलेली. तिथूनच आलेला अराता इझुमी मधल्या फळीत खेळायचा. जपानमध्ये जन्मलेला, पुढे भारतीय नागरिकत्व घेऊन भारताकडून खेळलेला हा माणूस. मला अजून आठवतंय ते त्याचं मान वळवणं. चेंडू त्याच्याकडे यायच्या आधी तो डाव्या खांद्यावरून एकदा मागे बघायचा, मग उजव्या. चेंडू पायाशी येईपर्यंत पुढचा पास कुठे द्यायचा हे त्याचं ठरलेलं असायचं. मी आजही पोरांना हेच सांगतो: चेंडू येण्याआधी दोनदा मागे बघ. वरच्या विभागात टिकायची युक्ती कुणी एका वाक्यात विचारली तर माझ्याकडे एवढी एकच आहे.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू, कारण ती लपवली तर मीही त्या मजकुरासारखाच वागेन. 2009 मध्ये पुण्याबरोबर साळगावकर, विवा केरळ आणि शिलाँग लाजाँग हेही दुसऱ्या विभागातून वर आले होते. त्यातला लाजाँग त्याच मोसमाअखेरीस परत खाली गेला. म्हणजे एकाच वर्षी, एकाच शिडीवरून वर आलेल्या चौघांपैकी एक तिसरा आला आणि एकाची लगेच गच्छंती झाली. बढतीमुळेच संघ आपटत असेल, तर या दोघांच्या नशिबातला फरक कशानं पडला? कारण दुसरीकडे शोधायला हवं. तो शोध घ्यायचाच नाही म्हणून 'नियम' असा शब्द वापरला जातो.

पुण्याचं उदाहरण एकटंही नाही. शिलाँगचाच रॉयल वाहिंगदोह 2014-15 मध्ये बढती मिळवून आय-लीगमध्ये आला आणि पहिल्याच मोसमात तिसरा आला. बाहेर बघायचं तर नॉटिंगहॅम फॉरेस्ट 1977-78 मध्ये वर आला आणि त्याच मोसमात इंग्लंडचा विजेता झाला. जर्मनीत कैझर्सलाउटर्ननं 1997-98 मध्ये हेच केलं. हे अपवाद आहेत हे मला मान्य आहे. दरवर्षी कुणी विजेतेपद मिळवत नाही. पण टिकणं हा अपवाद नाही.

इंग्लंडचे 'सहापैकी सहा' खरे आहेत. बर्नली, शेफील्ड युनायटेड, ल्युटन. मग लेस्टर, इप्सविच, साउथॅम्प्टन. हे सगळे गेले. पण मजकूर लिहिणाऱ्यानं मोजायला सुरुवात कुठून केली बघा. फक्त एक वर्ष मागे गेलं असतं तर 2022-23 चा मोसम लागला असता. त्या वर्षी वर आलेले तिन्ही संघ टिकले: फुलहॅम दहावा, बोर्नमथ पंधरावा, फॉरेस्ट सोळावा. तीन वर्षं घेतली की नऊपैकी सहा होतात. अजून मागे गेलात तर 2018-19 मध्ये वुल्व्ह्ज पहिल्याच मोसमात सातवा, 2019-20 मध्ये शेफील्ड युनायटेड नववा, 2020-21 मध्ये लीड्स नववा, 2021-22 मध्ये ब्रेंटफर्ड तेरावा. दोन वाईट वर्षांवरून नियम काढणं म्हणजे दोन वर्षं पाऊस कमी पडला म्हणून पानशेतचं धरण पाडा म्हणण्यासारखं आहे.

आणि ते सहाही संघ सारखे नव्हते. साउथॅम्प्टननं 38 सामन्यांत 12 गुण मिळवले आणि सात सामने बाकी असतानाच त्याचा निकाल लागला. शेफील्ड युनायटेडनं 104 गोल खाल्ले. ल्युटनला 26 गुण मिळाले, जेमतेम बारा हजारांचं मैदान आणि दहा वर्षांपूर्वी पाचव्या स्तरावर खेळणारा क्लब. त्याची लढाई शेवटच्या आठवड्यांपर्यंत चालली. या तिघांना एका टोपलीत घातलं की शिकण्यासारखं काहीच उरत नाही.

एक गोष्ट मात्र मी मान्य करतो: तिथली दरी खरोखर रुंदावली आहे. प्रक्षेपणाचा पैसा वरच्या लीगमध्ये इतका आहे की खालून येणारा पहिल्या दिवसापासून मागे असतो. त्यात तोट्याची मर्यादाही त्याला कमी मिळते. त्या मोसमांच्या नियमांप्रमाणे प्रीमियर लीगमधल्या जुन्या क्लबला तीन वर्षांत 10 कोटी 50 लाख पाउंडांपर्यंत तोटा चालायचा. त्यातली दोन वर्षं खालच्या विभागात गेली असतील तर हीच मर्यादा 6 कोटी 10 लाखांवर यायची. फॉरेस्टनं 2022 च्या उन्हाळ्यात वीसहून जास्त खेळाडू घेतले, संघ टिकला, पण ही मर्यादा ओलांडल्याबद्दल पुढच्या मोसमात त्याचे चार गुण कापले गेले. तेव्हा तक्रार करायचीच असेल तर पैशाच्या वाटपाबद्दल करा, मी तुमच्या बाजूनं उभा राहीन. शिडीच्या एका बाजूच्या पायऱ्या तुटल्या असतील तर पायऱ्या नीट करायच्या असतात.

आता मोहम्मडन. हा मुद्दा मला सर्वांत जास्त खटकला, कारण यात एका क्लबच्या खेळाडूंच्या हालांचा उपयोग त्यांच्याच विरुद्ध केलाय. मोहम्मडननं एप्रिल 2024 मध्ये आय-लीग, जी तोवर दुसऱ्या स्तरावर गेली होती, जिंकून बढती मिळवली. सप्टेंबरमध्ये आयएसएल सुरू झाली. पहिला सामना नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्ध, इंज्युरी टाइममधल्या एकमेव गोलनं हरले. दुसऱ्यात एफसी गोवाशी बरोबरी. तिसऱ्यात चेन्नईत जाऊन चेन्नईयनला 1-0 हरवलं. तीन सामन्यांत चार गुण. ही काही आपटणाऱ्या संघाची सुरुवात नव्हे. मग पुढे काय झालं? पगार थकले. खेळाडूंनी सरावावर बहिष्कार टाकला. जानेवारी 2025 मध्ये प्रशिक्षक आंद्रे चेर्निशोव्ह पगार थकल्याचं जाहीरपणे सांगून निघून गेले. 24 सामन्यांत दोनच विजय आणि तेराव्या, म्हणजे शेवटच्या जागेवर मोसम संपला. तीन-तीन महिने पगार न मिळालेला माणूस, मग तो फुटबॉल खेळत असो की गिरणीत काम करत असो, किती दिवस जीव तोडून काम करील? हे दुखणं बढतीचं नाही. पगार थकवणाऱ्या कुठल्याही क्लबचं हेच झालं असतं, तो शिडीनं आलेला असो की लिफ्टनं.

मजकुरात एक नाव नाहीच: पंजाब एफसी. बढती मिळवून आयएसएलमध्ये आलेला हा पहिला क्लब, मोहम्मडनच्या एक वर्ष आधी, 2023-24 मध्ये. पहिला सामना मोहन बागानविरुद्ध 1-3 हरले. पहिल्या विजयासाठी डिसेंबरपर्यंत वाट पाहावी लागली. सप्टेंबर ते डिसेंबर एकही विजय नाही, विचार करा. आणि मोसम संपला तेव्हा ते बारा संघांत आठवे होते. आपल्याकडे या शिडीची दोनच उदाहरणं घेतली, तर एक आठवा आणि एक शेवटचा. अर्धी माहिती दाबली की नियम सोपा होतो.

पुढचा मुद्दा थेट प्रवेशाचा: ज्याच्याकडे पैसा आहे त्याला थेट वर घ्या, तो टिकतो. पुण्याच्या माणसानं हे लिहिलं असेल तर मला खरोखर वाईट वाटतं, कारण या प्रयोगाची देशातली सर्वांत मोठी प्रयोगशाळा आपणच होतो.

भारत एफसी आठवतो का? 2014-15 मध्ये आय-लीगमध्ये थेट प्रवेश घेऊन आला, बालेवाडीतच खेळला. अकरा संघांत शेवटचा आला. पण थेट प्रवेशवाल्यांना पदावनतीपासून संरक्षण होतं, म्हणून खाली गेला तो त्याच्या वरचा डेम्पो. तोच डेम्पो, ज्यानं 2009-10 ची लीग जिंकली होती. आणि भारत एफसी? संरक्षण असूनही एका मोसमातच बंद. पुढच्याच वर्षी डीएसके शिवाजियन्सला थेट प्रवेश मिळाला. नऊ संघांत नववा. पुन्हा संरक्षण. खाली गेला आठव्या क्रमांकाचा ऐझॉल, जो बढती मिळवून पहिलाच मोसम खेळत होता.

इथे जरा थांबायला हवं, कारण पुढे जे घडलं ते माझ्या सगळ्या युक्तिवादापेक्षा बोलकं आहे. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यामुळे ऐझॉलला परत घेतलं गेलं. खालिद जमील प्रशिक्षक म्हणून आले. आणि 2016-17 मध्ये ऐझॉलनं आय-लीग जिंकली. 37 गुण, मोहन बागानपेक्षा एक जास्त. शेवटच्या दिवशी शिलाँगमध्ये लाजाँगविरुद्ध 1-1 बरोबरी झाली आणि मिझोरममध्ये दिवाळी झाली. पहिल्या मोसमात आठवा आला म्हणून ज्याला कुचकामी ठरवलं, तोच संघ बारा महिन्यांत देशाचा विजेता. आणि ज्याला हात धरून वर ठेवलं तो आमचा शिवाजियन्स त्याच 2016-17 च्या मोसमानंतर नाहीसा झाला.

बंगळुरूचं उदाहरण कुणीतरी लगेच देईल, आणि ते द्यायलाच हवं. बेंगळुरू एफसी थेट प्रवेशानं आला, 2013-14 मध्ये पहिल्याच मोसमात विजेता झाला आणि आजही उभा आहे. थेट प्रवेश म्हणजे हमखास अपयश असं मी म्हणतच नाही. मी एवढंच म्हणतो की पुण्यातल्या क्लबांपैकी शिडी चढून आलेला एकच होता, पुणे एफसी, आणि आय-लीगच्या काळात सहा मोसम टिकलेलाही तोच. 2012-13 मध्ये तर तो उपविजेता झाला, 2014 मध्ये आशियातल्या क्लबांचा एएफसी कप खेळला. एकदाही खाली गेला नाही.

आता प्रशिक्षक आणि अर्धा संघ बदलण्याबद्दल. याबद्दल मला आकडे नंतर द्यायचेत, आधी आमचंच सांगतो.

आठ वर्षांपूर्वी आम्ही याच लीगमध्ये एक विभाग वर चढलो होतो. त्या वेळी मी नेमका हाच सल्ला मानला. वरचा खेळ वेगळा, आपली पोरं कमी पडतील, असं मला कुणी सांगितलं आणि मला पटलं. कॉलेजच्या होस्टेलवर राहणारी, बाहेरगावची पाच मुलं घेतली. उंच, वेगवान, दिसायला खेळाडू. ज्यांनी बढती मिळवून दिली त्यातली पाच पोरं बाकावर गेली. पहिले चार सामने बरे गेले. मग दिवाळीची सुट्टी लागली आणि पाचही जण घरी गेले, दोघे तर सांगूनही गेले नाहीत. बाकावर बसवलेल्यांपैकी तिघांनी तोवर येणंच बंद केलं होतं. त्या रविवारी मैदानावर आमचे नऊ जण होते. पंचांनी घड्याळाकडे बघून मला विचारलं, सुरू करायचं का. मी हो म्हणालो. सहा गोल खाल्ले. त्या मोसमाअखेरीस आम्ही खाली गेलो, आणि त्यानंतर परत वर यायला अख्खी पिढी बदलावी लागली. त्या बाकावर बसवलेल्या पोरांपैकी एक आज स्वारगेटला पीएमपीच्या बसवर कंडक्टर आहे. अजून भेटला की हात मिळवतो, पण फुटबॉलचा विषय काढत नाही. तेव्हा वर आलेला संघ आपटतो याचा पुरावा माझ्याच घरात आहे. फक्त तो आपटला तो मजकुरात सांगितलेला उपाय केल्यामुळे.

मोठ्या स्तरावरही चित्र असं सरळ नाही. 2022-23 मध्ये फॉरेस्ट तळाला असताना प्रशिक्षक स्टीव्ह कूपरला काढलं नाही, उलट ऑक्टोबरमध्ये त्याचा करार वाढवला, आणि संघ टिकला. त्याच वर्षी बोर्नमथनं चार सामन्यांनंतर प्रशिक्षक बदलला, तोही टिकला. 2024-25 मध्ये लेस्टर आणि साउथॅम्प्टन दोघांनी मध्येच प्रशिक्षक बदलले, दोघेही गेले. इप्सविचनं बदलला नाही, तोही गेला. यातून 'बदला' किंवा 'बदलू नका' असा कुठलाच मंत्र निघत नाही. पण आपल्या दोन उदाहरणांपुरतं बघितलं तर पंजाबनं डिसेंबरपर्यंत एकही विजय नसताना स्टायकोस वेर्गेतिस यांनाच ठेवलं, आणि पुणे एफसीनं डेरिक परेरांना पहिल्या मोसमापासून 2013 पर्यंत.

वर गेल्यावर बदलतं काय, हे त्या मजकूर लिहिणाऱ्यानं एकदा मैदानाच्या कडेला उभं राहून बघावं. खालच्या विभागात चेंडू छातीवर घ्यायला, खाली टाकायला, मान वर करून बघायला वेळ मिळतो. वर तो मिळत नाही, चेंडू जमिनीला लागेपर्यंत समोरचा अंगावर आलेला असतो. मागच्या महिन्यात शिवाजी प्रिपरेटरीच्या मैदानावर वरच्या विभागातल्या एका संघाशी आम्ही सरावाचा सामना खेळलो. सत्तर मिनिटं 1-1. मग त्यांना कॉर्नर मिळाला. आमचा पहिल्या पोस्टवरचा पोरगा बूट चिखलात रुतला म्हणून एक पाय उचलून स्टडमधली माती काठीनं काढत होता. काठी खाली टाकायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात चेंडू पहिल्या पोस्टवर आला आणि त्यांच्या माणसानं तो डोक्यानं नुसता वळवला. गोलरक्षकाला हलायलाही मिळालं नाही. खालच्या विभागात तो कॉर्नर मारायला त्यांना अजून दहा सेकंद लागली असती आणि आमच्या पोराची माती काढून झाली असती. दरी एवढीच आहे, दहा सेकंदांची. ती नवे पाच खेळाडू आणून भरत नाही, आहे त्या पोरांच्या अंगात ती सवय मुरवावी लागते. आणि त्यासाठी वेळ लागतो.

वेळेवरून आठवलं. आपल्याकडे वर येणाऱ्या संघाला तोच मिळत नाही. 2024-25 ची आय-लीग कुणी जिंकली याचा निर्णय क्रीडा लवादापर्यंत गेला आणि इंटर काशीच्या बाजूनं निकाल लागला तो जुलै 2025 मध्ये. आधी चर्चिलला विजेता जाहीर केलेलं होतं. मे-जूनमध्ये ज्या क्लबला आपण पुढच्या वर्षी कुठल्या लीगमध्ये खेळणार हेच ठाऊक नाही, त्यानं खेळाडूंशी करार कशाच्या जोरावर करायचे?

राहिली शेवटची ओळ. पुण्याची माती.

चार क्लब बुडाले हे खरं. पुणे एफसी, भारत एफसी, शिवाजियन्स आणि आयएसएलमधला एफसी पुणे सिटी, जो 2018-19 नंतर गेला आणि त्याची जागा हैदराबादनं घेतली. पण क्लब बंद होणं आणि फुटबॉल नसणं यात फरक आहे. महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये मुंबईत बंद झाला, जेसीटी 2011 मध्ये पंजाबात. 2016 मध्ये गोव्याच्या क्लबांनी आय-लीग सोडली. गोव्याची माती फुटबॉलची नाही, असं कुणी म्हणेल का? मालकांचं गणित बसलं नाही, लीगचा आराखडा दर दोन वर्षांनी बदलत गेला, म्हणून क्लब गेले. पुणे एफसी तर मैदानावर हरून गेलाच नाही.

आणि 2014-15 चा तो मोसम आठवा. एकाच शहरात, एकाच बालेवाडीच्या मैदानावर तीन-तीन क्लब: आय-लीगमध्ये पुणे एफसी आणि भारत एफसी, आयएसएलमध्ये पुणे सिटी. पुण्याचा फुटबॉल जिथे राहतो ते कॅम्प, खडकी, घोरपडी. बालेवाडी मुंबई हायवेच्या कडेला, कॅम्पपासून पंधरा किलोमीटरच्या आसपास. आठवड्याच्या मधल्या दिवशी संध्याकाळी सात-आठला सामना, सुटल्यावर परतीची बस मिळेल याचा भरवसा नाही. खडकीतला ज्याच्या आजोबांनीही फुटबॉल खेळला तो माणूस दोन बस बदलून, तीनपैकी नेमक्या कुठल्या संघासाठी ओरडायला जाणार होता? तरी ऑरेंज आर्मी या पुणे सिटीच्या चाहत्यांच्या गटाची पोरं ढोल घेऊन यायचीच. 2017-18 मध्ये पुणे सिटी उपांत्य फेरीत गेला तेव्हा बेंगळुरूविरुद्धचा तो 0-0 सामना मी त्यांच्या शेजारी उभा राहून पाहिला. दुसऱ्या दिवशी माझा घसा बसला होता.

मातीत काय उगवलं तेही बघा. जेजे लालपेखलुआ मिझोरमहून आला आणि व्यावसायिक फुटबॉलमध्ये पहिलं पाऊल त्यानं पुणे एफसीच्या जर्सीत टाकलं. केरळचा आशिक कुरुनियन पुणे एफसीच्या अकादमीतून पुढे आला. लालियानझुआला छांगते शिवाजियन्सच्या अकादमीत घडला. तिघेही भारताकडून खेळले. पुणे एफसीच्या अकादमीनं तरुणांची राष्ट्रीय लीग एकाहून जास्त वेळा जिंकली. बाहेरगावची पोरं होती म्हणून ती पुण्याची नाहीत, असं कुणी म्हणेल. या शहरात शिकायला, कामाला, खेळायला बाहेरून आलेल्यांना आपण कधीपासून वगळायला लागलो?

आमच्या गोलरक्षकाला मी परवा ऐझॉलची गोष्ट सांगितली. त्याला ती ठाऊक नव्हती, 2017 मध्ये तो चौथीत होता. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांचा गोलकीपर कोण होता?" मला नाव पटकन आठवलं नाही. तो फोनवर शोधत बसला.

सध्या आम्ही मंगळवार-गुरुवार फक्त कॉर्नर करतोय. पहिल्या पोस्टवरच्या पोराला ताकीद आहे की चिखल असो, काही असो, चेंडू बाहेर जाईपर्यंत पाय उचलायचा नाही. पहिला सामना रविवारी दुपारी दोनला आहे. गोलरक्षकानं दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली होती. मालक हो म्हणाले, आणि कुठल्या मैदानावर आहे ते विचारून घेतलं.